हव्वेनं फळ खाल्लं, पण शिक्षा किती पिढ्यांची?

रोझ_माजिवडा

भाचीचं लग्न ठरलंय, मिस्सा (लग्नाची उपासना) तलावपाळीजवळच्या सेंट जॉन चर्चला. पुस्तिका छापायला द्यायची म्हणून घरी वाचनं निवडत होतो. भाचीनं बायबलमधल्या पौलाच्या इफिसकरांस पत्रातलं 'स्त्रियांनो, आपापल्या पतीच्या अधीन असा' पेनानं खोडलं आणि दुसरं सुचवलं. माझी आई भडकली. "माझ्या लग्नात वाचलं, तुझ्या आईच्या लग्नात वाचलं, तुलाच काय धाड भरली?" वाद तिथून थेट एदेन बागेत. धाकटा मामा म्हणाला, "पहिलं फळ कुणी खाल्लं, ते सांग आधी." एवढं बोलून त्यानं चहा मागितला. म्हणजे विषय संपला!

मला राहवेना म्हणून रात्री बायबलच्या पहिल्या पुस्तकाचा, उत्पत्तीचा, दुसरा-तिसरा अध्याय सावकाश वाचला. लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात चित्रांवरून शिकलो होतो. त्या चित्रात झाडाखाली हव्वा, साप आणि लांब कुठेतरी पाठमोरा आदाम. प्रत्यक्ष मजकूर वेगळाच निघाला. फळ खाऊ नको ही आज्ञा आदामाला मिळाली तेव्हा हव्वा घडलेलीच नव्हती. तिनं फळ खाल्लं आणि बरोबर असलेल्या नवऱ्यालाही दिलं, असं ३:६ म्हणतं. हा बाबा तिथंच उभा होता, चकार शब्द काढला नाही. देवानं विचारल्यावर मात्र पटकन बोलला, 'तू जी बायको दिलीस तिनं दिलं.' शाप हा शब्द सापासाठी येतो आणि जमिनीसाठी येतो. बाईला शाप दिला असं कुठेच लिहिलेलं नाही, पुरुषालाही नाही.

आता खरा मुद्दा. ३:१६ मध्ये बाईच्या वाट्याला वेदना आणि 'तो तुझ्यावर स्वामित्व चालवील'. लगेच पुढे पुरुषाच्या वाट्याला काटेकुसळं आणि घाम गाळून भाकरी. आमच्या आजोबांची घोडबंदरच्या बाजूला भातशेती होती. तण उगवलं की देवाचा हुकूम म्हणून कुणी राखून ठेवलं नाही, बेणणी केली. घामावर पंखे लावले, चर्चमध्येसुद्धा. पुरुषाच्या वाट्याचं वाक्य म्हणजे दुखणं, त्यावर इलाज करायचा. बाईच्या वाट्याचं वाक्य मात्र कायदा, तो पाळायचा. एकाच परिच्छेदातली लागोपाठची वाक्यं आहेत ही!

तुमच्याकडे हे कसं शिकवलं गेलं? कॅथलिक, प्रोटेस्टंट, कुणीही लिहा. फक्त 'सगळ्याच धर्मांत असं असतं' एवढंच लिहायला येऊ नका.

कोलशेतकर

ताई, वादाला सोपी पळवाट आहे. लग्नविधीच्या वाचनमालेत इफिसकरांचं ते वाचन दोन रूपांत दिलेलं असतं. लांब आणि आखूड. आखूड रूपात बायकांना उद्देशून असलेल्या ओळी गाळून थेट 'पतींनो, आपापल्या पत्नीवर प्रीती करा' इथून सुरुवात होते. आईंना सांगा पौलच आहे, भाचीला सांगा अधीन नाही. फादर दोन्हीला हो म्हणतील.

रोझ_माजिवडा

:) पळवाट चालेल, पण मामाचं काय?

नगरी_ऐरोलीकर

आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या नगरचं, सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मंडळीतलं. मी सध्या ऐरोलीत एका स्वतंत्र मंडळीत जातो. रोझताई, तुमचं वाचन चांगलं आहे, पण मांडणी एका जागी घसरते. तुम्ही समजता की पुरुषाचं मस्तकपद, म्हणजे घरातलं प्रमुखपण, ३:१६ मधून, म्हणजे फळ खाऊन झालेल्या पतनातून आलं. आम्ही ते तिथून काढतच नाही. पौल १ तीमथ्य २ मध्ये आधी कारण देतो, 'आदाम प्रथम घडवला गेला, मग हव्वा'. फसवणुकीचा मुद्दा त्यानंतर येतो. म्हणजे क्रम निर्मितीचा, पतनाआधीचा. पतनानं त्यात विष कालवलं, इतकंच. १९८७ साली अमेरिकेतल्या इव्हँजेलिकल मंडळींनी डॅनव्हर्सचं निवेदन काढलं, त्यात हेच आहे. प्रोटेस्टंट सुधारक कॅल्विनही तेच म्हणतो, आधीची अधीनता सौम्य होती, पतनानंतर ती दास्य झाली.

आणि दोष कुणाच्या माथी? फळ हव्वेनं आधी खाल्लं तरी देव हाक आदामाला मारतो, 'तू कोठे आहेस?' रोमकरांस पत्राचा पाचवा अध्याय काढा. पाप जगात एका माणसाद्वारे आलं, आणि तिथं नाव आदामाचं. हव्वेचा उल्लेखसुद्धा नाही. मस्तक म्हणजे मान नव्हे, जाब द्यायची जबाबदारी. तुमच्या मामांनी रोमकर ५ वाचलेलं नसावं.

रोझ_माजिवडा

दादा, मामानं फक्त लग्नपत्रिका वाचलेल्या आहेत. रोमकरचा मुद्दा मान्य. पास्काच्या (ईस्टरच्या) रात्री मेणबत्तीपुढे जी स्तुती गातात, तिच्यातही 'आदामाचं पाप' असंच येतं, आणि त्यामुळे एवढा थोर तारणारा लाभला म्हणून त्या अपराधाला धन्य म्हणतात. म्हणजे उपासनेत दोष आदामाचा आणि स्वयंपाकघरात हव्वेचा!

पण पहिला घडला तो वरचा, हे मला कधीच पटलं नाही. मासे, पाखरं, गुरं माणसाच्या आधीची आहेत.

नगरी_ऐरोलीकर

ते पहिल्या अध्यायात. दुसऱ्या अध्यायात आदाम आधी, जनावरं नंतर. पौल दुसऱ्यावर बोलतोय.

नौपाडा_नास्तिक

उत्क्रांती शिकलेली माणसं सापाच्या साक्षीवर दोन दिवस भांडतायत. चालू द्या.

संपादक

धाग्याच्या विषयाला धरून लिहावे. 'तुमच्यात काय, आमच्यात काय' धाटणीचे तीन प्रतिसाद उडवले आहेत.

निवृत्त_परिचारिका

मी धर्मशास्त्र शिकलेले नाही, बाळंतपणं पाहिलीत. नवी मुंबईतल्या एका खासगी प्रसूतिगृहात होते तेव्हाची गोष्ट. पहिलटकरीण, कळा रात्रभर, आई उशाशी जपमाळ घेऊन. डॉक्टरांनी कंबरेतल्या इंजेक्शनचं सुचवलं तर आई म्हणाली, नको, हव्वेला सांगितलंय ते बाईनं भोगायचं असतं. सोबत मुलीची आत्या होती, ती हिंदू घरात दिलेली. तीही मान डोलावत होती, 'बाईचा जन्मच तसा.' दोघींचे देव वेगळे, निदान एकच. डॉक्टरांनी दोघींना बाहेर बसवलं आणि मुलीला विचारलं. ती म्हणाली, "आधी टोचा, मग बोला."

म्हणून म्हणते, तिसरा अध्याय पुस्तकात राहत नाही. लेबर रूममध्ये येतो.

बिनकामाचे_डॉक्टर

परिचारिकाताईंच्या प्रतिसादाला पुरवणी. १८४७ साली एडिनबरोच्या जेम्स यंग सिम्प्सन यांनी बाळंतपणात क्लोरोफॉर्म वापरायला सुरुवात केली. ३:१६ चा आक्षेप येणार हे ओळखून त्याच वर्षी त्यांनी उत्तरादाखल पुस्तिकाही काढली. त्यातला युक्तिवाद झकास आहे. आदामाची फासळी काढण्याआधी देवानं त्याला गाढ झोप आणली (२:२१). म्हणजे पहिली शस्त्रक्रिया भूल देऊनच झाली, आणि तीही पुरुषावर. शिवाय तण उपटणं पाप नसेल तर वेदना कमी करणं पाप कसं, हेही त्यांनी विचारलंय. रोझताई, तुमच्या बेणणीला पावणेदोनशे वर्षांचा आधार मिळाला. १८५३ मध्ये जॉन स्नो यांनी राणी व्हिक्टोरियाला क्लोरोफॉर्म दिला, मग कुरबुर थंडावली.

मात्र या गोष्टीत चर्चला खलनायक करायची फॅशन आहे, ती थोडी फसवी. तपासणाऱ्या इतिहासकारांना धर्मगुरूंचा संघटित विरोध फारसा सापडलेला नाही, जास्त कटकट डॉक्टरांनीच केली. आमची जात! आणि कॅथलिक आईंना सांगायचं तर पोप बारावे पायस यांनी जानेवारी १९५६ च्या भाषणात स्पष्ट केलं की वेदनारहित प्रसूतीला उत्पत्तीच्या त्या वचनाची आडकाठी नाही. तरी ते लेबर रूमपर्यंत पोचत नाही. आजीचं वाक्य लवकर पोचतं.

शनवार_तेली

मी ठाण्यातला बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू, आमचं सिनेगॉग १८७९ चं. गंमत म्हणून सांगतो, हे पुस्तक मुळात आमचं आणि आमच्याकडे आदिपाप नावाची वस्तूच नाही. दरवर्षी तोरा (शास्त्रातली पहिली पाच पुस्तकं) पहिल्यापासून सुरू होते तेव्हा हा भाग वाचला जातो. माणूस चुकला, बागेबाहेर गेला, पुढची गोष्ट सुरू. जन्मलेलं प्रत्येक मूल तो डाग घेऊन येतं असं आम्ही मानत नाही. इब्री शास्त्रात हव्वेचं नाव चौथ्या अध्यायानंतर परत येतच नाही. संदेष्टे इतकं रागावले, पण एकानंही तिला मध्ये आणलं नाही.

तरी आमचं अंगण अगदी स्वच्छ आहे असं नाही. शब्बाथचे दिवे बाईनं का लावायचे, तर हव्वेनं जगाचा दिवा, म्हणजे आदाम, विझवला म्हणून, असं जुन्या मिद्राशात, म्हणजे शास्त्रावरच्या भाष्यात, आहे. माझी आई शुक्रवारी संध्याकाळी पदर घेऊन दिवे लावायची, तिला हे कारण ठाऊक नव्हतं. सांगितलं असतं तर काडेपेटी बाबांच्या हातात दिली असती.

पुस्तकातला_किडा

शनवार_तेली यांनी बरोबर जागी बोट ठेवलंय. मग हव्वा एवढी मोठी झाली कधी? इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातल्या सिराखच्या पुस्तकात 'पापाचा आरंभ स्त्रीपासून' असं वाक्य येतं (२५:२४). हे पुस्तक कॅथलिक बायबलमध्ये आहे, प्रोटेस्टंट बायबलमध्ये नाही. पुढे साधारण इ. स. २०० च्या सुमाराला कार्थेजचा ख्रिस्ती लेखक तर्तुलियन बायकांच्या नटण्यामुरडण्यावर लिहिताना सगळ्या बायकांनाच उद्देशून म्हणतो की तुम्ही प्रत्येकजण हव्वा आहात, सैतानाचं दार आहात. विषय काय, तर दागिने आणि केसांचा रंग! एका बाईच्या गोष्टीवरून समस्त बायकांवर उडी तिथं दिसते.

बिशप ऑगस्टीन (३५४–४३०) जास्त गुंतागुंतीचा. आदिपाप वंशपरंपरेनं उतरतं ही पश्चिमेकडची शिकवण त्यानं घट्ट केली, आणि ते उतरतं आदामापासून. पण साप दोघांतल्या कमकुवत बाजूकडे गेला, हेही त्याचंच. आदामाबद्दल म्हणतो, तो फसला नाही, आपल्या एकुलत्या सोबतिणीपासून तुटवेना म्हणून त्यानं खाल्लं. पाहा हं, तिनं खाल्लं तर मूर्खपणा आणि त्यानं खाल्लं तर प्रेम. ही सवलत आजही कोर्टाबाहेरच्या सगळ्या निवाड्यांत चालते.

तेराव्या शतकातला कॅथलिक धर्मपंडित अक्विनास नगरी_ऐरोलीकरांच्या बाजूला. पाप घडलं नसतं तरी घर चालवण्यापुरती अधीनता असतीच, असं त्याचं मत. प्रोटेस्टंट सुधारक ल्यूथर उलटा. उत्पत्तीवरच्या व्याख्यानांत तो हव्वेला पतनापूर्वी आदामाच्या बरोबरीची मानतो. मात्र शिक्षा लागू आहे म्हणून आता तिनं घर सांभाळावं, हे सांगायला विसरत नाही. म्हणजे आदर्श कुठलाही धरा, बाई येऊन थांबते चुलीपाशीच.

आणखी एक धागा, जो कॅथलिक घरांत सगळ्यात जास्त दिसतो. लियोंचा इरेनेयस इ. स. १८० च्या आसपास लिहितो की हव्वेच्या अवज्ञेनं बसलेली गाठ मरियेच्या आज्ञापालनानं सुटली. उत्तनपासून वसईपर्यंत कुठल्याही क्रुसापाशी किंवा ग्रोटोत पायाखाली साप असलेली मरियेची मूर्ती बघा, ती उत्पत्ती ३:१५ आहे. बाईमुळे गेलं ते बाईमुळे आलं, यात मान आहेच. पण हिशेब असा बसतो की एक बाई आवाक्याबाहेरची निष्कलंक आणि बाकीच्या सगळ्या हव्वेच्या लेकी. मधल्या, साध्या, डोंबिवली लोकल पकडणाऱ्या बाईला जागाच उरत नाही.

रोझ_माजिवडा

शेवटचं वाक्य आमच्या महिला मंडळाच्या फलकावर लावू का?

बाकी एक नोंद हवी. पोप जॉन पॉल दुसरे यांचं १९८८ चं स्त्रीप्रतिष्ठेवरचं पत्र मी वाचलंय. त्यात 'तो तुझ्यावर स्वामित्व चालवील' हे देवाच्या मूळ योजनेतलं नव्हे, पापामुळे बिघडलेलं आहे, आणि इफिसकर ५ मधली अधीनता दोघांची एकमेकांना आहे, असं साफ म्हटलंय. पोपना जे १९८८ साली कळलं ते आमच्या जेवणाच्या टेबलावर अजून यायचंय.

पुस्तकातला_किडा

खरं आहे, आणि त्याच पोपनी १९९४ मध्ये स्त्रियांच्या धर्मगुरूपदाचं दार बंदही केलं. तिथं कारण हव्वा नाही, येशूनं बारा प्रेषित पुरुष निवडले हे आहे. टीका करायची तर या कारणावर करावी लागते. फ्रान्सिस यांनी २०२१ मध्ये वाचक आणि वेदीसेवक ही पदं स्त्रियांना रीतसर खुली केली. प्रत्यक्षात वेदीवरचं वाचन बायका आधीपासूनच करत होत्या, ठाण्यात तर रविवारी सकाळी वाचायला पुरुष शोधावा लागतो.

खारघर_टेकडी

मी पेंटेकॉस्टल सहभागितेत वाढले, नाव सांगत नाही. डोक्यावर ओढणी, अंगावर सोनं नाही. आमच्याकडे बायकांना अन्य भाषांत बोलता येतं, भविष्यवाणी करता येते, उपासाच्या प्रार्थनेत दोन-दोन तास नेतृत्व करता येतं. हिशेबाच्या वहीवर सही करता येत नाही. मी सीए आहे. पास्टरांना विचारलं तर १ तीमथ्य २ दाखवलं, 'हव्वा फसली होती.' आणि वही सांभाळणाऱ्या भावांची बेरीज दर मार्चला मी तपासून देते, घरी, स्वयंपाक झाल्यावर.

नगरी_ऐरोलीकर

ताई, हे चूकच आहे, आणि याला मस्तकपद म्हणत नाहीत. वहीचा आणि त्या वचनाचा काडीचा संबंध नाही. तिथं मुद्दा मंडळीत अधिकारानं शिकवण्याचा आहे. आमच्या घरच्या सीएनआयमध्ये स्त्रिया पाळक होतात, सीएसआयमध्ये (चर्च ऑफ साउथ इंडिया) २०१३ पासून स्त्री बिशपही झाल्या. मी त्याच्याशी सहमत नाही, पण त्या बहिणींना फसवलेल्या हव्वा म्हणणार नाही.

केडगाव_फाटा

इतके प्रतिसाद झाले आणि पंडिता रमाबाईंचं नाव नाही? नगरकर असून दादा तुम्हीसुद्धा!

रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला झाला. पुढे त्या चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात होत्या. तिथं त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवायचं म्हटल्यावर हिंदुस्थानातल्या इंग्रज बिशपांनी नाक मुरडलं, लाहोरच्या आणि मुंबईच्या. यानं त्यांची स्वदेशातली पत जाईल म्हणे. रमाबाईंनी प्राचार्या डोरोथिया बील यांना लिहिलेल्या पत्राचा आशय असा की माझ्या आईनं किंवा मी तरुण पुरुषांना शिकवण्यावर माझ्या वडिलांनी हरकत घेतली नाही, नवऱ्यानं घेतली नाही, आणि इंग्रज लोक घेतात याचं नवल वाटतं. अनंतशास्त्री डोंगऱ्यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून स्वतःच्या समाजाचा रोष पत्करला होता. त्यांची मुलगी एका धर्मातल्या बंधनातून निघून दुसऱ्यात आली, तर दारात बिशप उभे.

तरी त्यांनी ना ख्रिस्त सोडला, ना शास्त्र. वाँटेजच्या मठातल्या सिस्टर आज्ञापालनावर पत्रं लिहीत राहिल्या, या उत्तरं देत राहिल्या. माझी सद्सद्विवेकबुद्धी मी कुणा पुरोहिताच्या हाती देणार नाही, ही त्यांची भूमिका. पुढे केडगावला मुक्ती मिशनमध्ये इब्री आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं. १९२२ साली त्या गेल्या, ग्रंथ १९२४ ला निघाला. खिळे जुळवून छपाई करणाऱ्या मुक्तीतल्याच बायका-मुली. ज्यांना गावानं पांढऱ्या पायाची म्हणून हाकललं होतं त्यांनी उत्पत्तीचा तिसरा अध्याय स्वतःच्या हातानं जुळवला. कुठल्या टीकाकाराची टीका याच्या तोडीची आहे सांगा.

नगरी_ऐरोलीकर

रमाबाईंपुढे मान खालीच. पण त्या शास्त्र मानणाऱ्या होत्या, शास्त्र खोडणाऱ्या नव्हेत.

पुस्तकातला_किडा

मग शास्त्रातलंच सांगतो. तीमथ्याला ते पत्र गेलं तेव्हा तो इफिसला होता (१:३). त्याच इफिसमध्ये प्रिस्किल्लेनं अपुल्लोसारख्या विद्वान उपदेशकाला घरी नेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावला, प्रेषितांची कृत्ये १८. एक बाई शिकवतेय, एक पुरुष शिकतोय, आणि पौल तिला सहकारी म्हणतो.

नगरी_ऐरोलीकर

सोबत तिचा नवरा अक्विल्ला होता, आणि ते घर होतं, मंडळीची सभा नव्हे.

रोझ_माजिवडा

नवरा हव्वेच्याही सोबत होता, दादा.

नगरी_ऐरोलीकर

हा हा. ही घेतली. मत मात्र तेच. उरलेलं आमच्या सौ.शी बोला, ती तुमच्या बाजूची आहे आणि आमच्या मंडळीतल्या मुलांना उत्पत्ती तीच शिकवते.

खारघर_टेकडी

रमाबाईंची ती पत्रं कुठे मिळतील? केडगाव_फाटा, सांगाल का?

केडगाव_फाटा

महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळानं १९७७ साली पत्रव्यवहाराचा इंग्रजी खंड काढला होता, संपादन अ. भि. शहांचं. दुकानात शोधू नका. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात विचारून बघा, नाहीतर रद्दीवाल्यांकडे. मिळाला तर चेल्टनहॅमची पत्रं आधी वाचा, आणि बिशपांची सोडू नका. मजा तिथंच आहे.